मी किल्लीचं काम करायचो

मी एक स्क्रू ड्रायव्हर बोलतोय. बोलतोय खरा, पण मान वर करून नाही. माझं टोक बघितलंत तर कारण कळेल. चांगल्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक सपाट आणि स्वच्छ असतं. माझं काळं पडलंय, त्याला बारीक खड्डे पडलेत आणि एक कोपरा वितळून गोल झालाय. स्क्रू फिरवून असं होत नसतं. ज्याला जुन्या ट्रॅक्टरची थोडीफार माहिती आहे तो माझ्याकडे बघतो आणि मी कसले उद्योग करून आलोय ते लगेच ओळखतो.

जन्म माझा चांगल्या घरातला. पोलादाची सळई तापवून, ठोकून, तेलात बुडवून मला घडवलं आणि पिवळी पारदर्शक मूठ बसवली. एका खोक्यात आम्ही सहा भावंडं होतो, उंचीनं लहानमोठी. सगळ्यांत लांब मी. दुकानाच्या कपाटात बसून मी आखूड भावंडांना उगाच चिडवायचो. लांब असल्याचा मला तेव्हा भारी तोरा होता.

आम्हाला विकत घेतलं ते ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या दोन भावांनी. त्यांचं वर्कशॉप रस्त्याच्या कडेला, उतारावर. वरच्या अंगाला पत्र्याची शेड, तिची दर्शनी भिंत विटांची, आणि पुढे तेल पिऊन काळं झालेलं आवार. थोरल्याला सगळे दादा म्हणत. धाकट्याला घरचे काय म्हणत ते राहू द्या, गिऱ्हाइकं त्याला ‘झटपट’ म्हणायची. आणि मग ओघानंच दादाचं नाव पडलं ‘सावकाश’.

दादाचं काम बघायला बसलात तर तुम्हाला जांभया येतील. ट्रॅक्टरखाली जायचं असेल तर त्याचा जॅकवर विश्वास नसे. दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या लावायच्या, ट्रॅक्टर हातानं हलवून बघायचा, मगच खाली शिरायचं. मागचे, अवजार उचलणारे हायड्रॉलिकचे हात वर असतील तर आधी ते जमिनीला टेकवायचे. जुन्या ट्रॅक्टरचा हँडब्रेक म्हणजे शोभेचा दांडा, असं त्याचं स्पष्ट मत होतं, म्हणून आवारातल्या उतारावर तो प्रत्येक गाडी गिअर टाकून उभी करायचा. सगळ्यांत शेवटी किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवायची. ‘किल्ली जागेवर नसली की समजायचं, मी गाडीपाशी कुठेतरी आहे,’ असं त्यानं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

गिऱ्हाइकं वैतागायची. ‘दादा, ट्रॅक्टर दुरुस्त करतोस का नवरी सजवतोस?’ असं विचारायची. कुणी तोंडावरच म्हणायचं, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. दादा हसायचा आणि आणखी एक घोडी ओढून आणायचा.

धाकट्याचं सगळं उलटं. त्याच्या हाताला गुण होता हे मी आजही म्हणेन. बंद पडलेल्या इंजिनाला कान लावून त्याला काय झालंय ते तो सांगायचा. पण थांबणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

एक दिवस एक म्हातारा ट्रॅक्टर आला. किल्ली फिरवली तरी ढिम्म. धाकट्यानं मला उचललं, मोठ्या चाकापुढे वाकला आणि इंजिनाच्या कुशीत बसलेल्या स्टार्टरकडे मला नेलं. स्टार्टरवर दोन बोल्ट असतात. एकावर बॅटरीचा करंट थेट आलेला असतो, दुसऱ्यावर किल्ली फिरवली की येतो. मधे वाटेत एक लहानसा स्विच असतो. गाडी गिअरमध्ये असली आणि क्लच दाबलेला नसला तर हा स्विच करंट पुढे जाऊ देत नाही. धाकट्यानं मला त्या दोन बोल्टांवर आडवं टेकवलं. निळी ठिणगी उडाली, माझं टोक भाजलं आणि ट्रॅक्टर धडधडत सुरू झाला. किल्लीला कुणी विचारलं नाही, त्या स्विचलाही नाही.

ट्रॅक्टरवाला एवढा खूश झाला, की त्यानं धाकट्याचा हात हातात घेऊन हलवला. त्या हातात मीही होतो. खरं सांगतो, त्या दिवशी मी हरखलो. स्क्रू काय, कोणीही फिरवतं. मी आख्खा ट्रॅक्टर उठवला होता. आखूड भावंडांपैकी कुणाचं टोक तिथवर पोचलंही नसतं.

मग ती सवयच झाली. स्विच खराब, किल्ली हरवली, तार तुटली, कारण काहीही असो, धाकटा मागच्या खिशातून मला काढायचा. आणि शिकवायला तो भलताच सढळ. ‘घरात स्क्रू ड्रायव्हर आहे ना? मग दुरुस्तीला कशाला येता?’ असं म्हणून तो माणसाला खाली वाकवून दोन्ही बोल्ट दाखवायचा. माणसं हसत हसत जायची.

दादाला हे अजिबात पसंत नव्हतं. स्विच बदलायला फार वेळ लागत नाही, बदलून टाक, असं तो परत परत सांगायचा. उभा कुठे राहतोस ते तरी बघ, म्हणायचा. मोठ्या चाकाच्या पुढ्यात उभं राहून गाडी चालू करतोस, गिअर पडलेला असला तर ती तुझ्या अंगावरून जाईल. धाकट्याचं उत्तर ठरलेलं असे, की इतकी वर्षं करतोय, कधी काही झालंय का? आणि खरंच काही झालं नव्हतं. दोघांची भांडणं तिथेच थांबायची, कारण दोघांचा एकमेकांवर जीव होता.

आता ते सांगतो, जे सांगायला मी तोंड उघडलंय.

भाड्यानं नांगरणी करणाऱ्या एका ड्रायव्हरचा ट्रॅक्टर आवारात उभा होता. तोंड उताराकडे, पाठ शेडच्या विटांच्या भिंतीकडे. तोंड उताराकडे असलं की दादा रिव्हर्स गिअर टाकून ठेवायचा, म्हणजे गाडी खाली घरंगळत नाही. काम जवळजवळ आटोपलं होतं. मागच्या जोडणीचा एक बोल्ट सैल वाटला म्हणून दादा ट्रॅक्टर आणि भिंतीच्या मधे जाऊन उकिडवा बसला होता. धाकटा आणि ड्रायव्हर समोरच्या टपरीवरून चहा पिऊन आले. ड्रायव्हरला शेत गाठायची घाई होती. झाली का गाडी, असं तो चालता चालताच विचारत होता.

धाकट्यानं किल्लीच्या जागी हात नेला. किल्ली नव्हती.

किल्ली नाही म्हणजे दादा गाडीपाशी आहे. हे त्याला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. एक हाक मारली असती तर चाकामागून उत्तर आलं असतं. पण त्याचा हात सवयीनं मागच्या खिशाकडे गेला. मी त्याच्या मुठीत आलो आणि दोन बोल्टांवर आडवा पडलो, नेहमीसारखा. गिअरमधली गाडी अडवणारा तो लहानसा स्विच आपल्या जागी चोख काम करत होता. मीच त्याला वळसा घालून गेलो.

ट्रॅक्टर मागे गेला. भिंत जवळच होती.

मी आयुष्यात पुष्कळ आवाज ऐकलेत, पण त्या आवाजाबद्दल बोलणार नाही. धाकट्यानं वर झेपावून इंजिन बंद केलं, गिअर काढला, गाडी उतारावरून पुढे सोडली आणि दादाला बाहेर ओढलं. दादा शुद्धीवर नव्हता. कमरेचं हाड आणि मांडीचं हाड, दोन्ही मोडली होती.

दवाखान्यात नर्सनं दादाचे कपडे एका पिशवीत घालून धाकट्याकडे दिले. कॉरिडॉरमध्ये एका बाकावर बसून त्यानं पिशवीत हात घातला, पँटचा खिसा चाचपला आणि किल्ली काढली. मग उठला, वर्कशॉपवर परत गेला आणि ती किल्ली त्यानं ट्रॅक्टरला लावून ठेवली. मी त्याच्या मागच्या खिशात होतो. त्या किल्लीनं माझ्याकडे बघितलं असं मला वाटलं, आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं.

दादाच्या बायकोला त्यानं सांगितलं, ‘वहिनी, किल्ली लावलेलीच होती. मी नुसती फिरवली.’ क्लचजवळचा स्विच आधीच बिघडलेला असणार, असंही वर जोडून दिलं. ड्रायव्हरनं सगळं पाहिलं होतं, पण त्यानंही कानांवर हात ठेवले. आपण फोनवर बोलत होतो, आपल्याला काही दिसलं नाही, म्हणाला.

दादा शुद्धीवर आल्यावर वहिनीनं त्याला पहिला प्रश्न तोच विचारला. ‘अहो, तुम्ही आणि किल्ली विसरलात? तुम्ही?’ दादानं पलंगाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या भावाकडे बघितलं. धाकट्याची नजर फरशीवर होती. दादाला सगळं कळलं. तो म्हणाला, ‘माणूस आहे. विसरलो असेन.’

त्या चार शब्दांनी धाकटा सुटला. असं त्याला तेव्हा वाटलं असावं.

दादा घरी आला तो काठी घेऊन. त्याला वाकता येईना, खाली बसता येईना. शेडच्या दाराशी खुर्ची टाकून तो बसून राहायचा. वहिनी इतके दिवस एका कापड दुकानात कामाला होती. ते सोडून ती वर्कशॉपवर यायला लागली. केस घट्ट बांधून, बाह्या वर खोचून तिनं शिकायला सुरुवात केली: तेल बदलणं, फिल्टर साफ करणं, चाकाचे नट आवळणं. हात तिचा चांगला होता आणि शंका विचारायला ती लाजत नसे.

पण गावभर एकच चर्चा. सावकाशसुद्धा चुकला म्हणे, मग तुमचं आमचं काय? एवढ्या घोड्या लावून, रोज किल्ली खिशात ठेवून शेवटी झालं काय? ज्यांनी दादाचं बघून घोड्या लावायला सुरुवात केली होती, त्यांनीही सोडून दिल्या. नशिबात असेल ते टळत नाही, म्हणायला लागले. दादाच्या देखत म्हणायचे. तो ऐकून घ्यायचा.

याहून वाईट म्हणजे वहिनी. तिचा स्वभाव टोमण्यांचा नाही, पण ती घाबरलेली होती. रोज संध्याकाळी शेड बंद करताना ती नवऱ्याला विचारायची, ‘किल्ल्या सगळ्या काढल्यात ना? की आजही विसरलात?’ गिऱ्हाइकांना सांगायची, बाबांनो, यांच्यासारखं करू नका. दादा म्हणायचा, हो. दरवेळी नुसतं हो. त्या वेळी धाकटा तिथे असला तर काहीतरी शोधायच्या मिषानं शेडमध्ये जायचा.

तुम्ही म्हणाल, एवढं झाल्यावर मला तरी भंगारात टाकलं असेल. काही दिवस मी खणात पडून होतो हे खरं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. एकदा दादा घरी होता, गिऱ्हाईक घाईचं होतं, आणि खण उघडला. मुठीत येताना मला शरम वाटली. ठिणगी मात्र उडालीच, ती शरमेनं विझत नाही.

मग तो दिवस आला. दुपारची वेळ. दादा खुर्चीवर होता, पण त्याचा डोळा लागला होता. धाकट्यानं मला लावून एक ट्रॅक्टर चालू केला, पुन्हा बंद केला आणि मागे वळला तर वहिनी उभी. ती रागावली नाही. उलट हात पुढे केला. म्हणाली, ‘भावोजी, हे मलाही शिकवा. तुम्ही नसता तेव्हा गिऱ्हाईक खोळंबून राहतं.’

तो काहीबाही बोलला. तेल लागलंय हाताला, नंतर बघू, असलं काहीतरी. तिनं त्याच्या हातातून मला काढूनच घेतलं. तिच्या हातात मी पहिल्यांदाच आलो होतो. कापडाचे तागे उलगडणारा हात तो, आता नखांत ग्रीस बसलेला. ती मोठ्या चाकाच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. ते चाक तिच्या खांद्याला लागत होतं.

‘इथेच उभं राहायचं ना? गिअर काढलेला असला म्हणजे झालं. मी काही यांच्यासारखी विसरणार नाही.’

आणि ती वाकली. गिअर काढलेला होता की नव्हता, मला माहीत नाही. तिनंही वर चढून बघितलं नव्हतं. मी बोल्टांच्या एवढा जवळ होतो की आता ठिणगी उडणार असं मला वाटलं. मला जीभ असती तर मी तेव्हा ओरडलो असतो.

धाकट्यानं तिचं मनगट धरलं.

‘वहिनी, किल्ली दादाच्या खिशात होती.’

तिला आधी कळलंच नाही. कुठली किल्ली, असं तिच्या तोंडावर दिसत होतं. मग तो सांगायला लागला. थांबून थांबून, खाली बघत, पण काही गाळलं नाही. टपरीवरचा चहा सांगितला, हाक न मारल्याचं सांगितलं. मला तिच्या हातात तसंच ठेवून माझ्याकडे बोट दाखवलं. पिशवी सांगितली, परत येऊन किल्ली लावल्याचं सांगितलं. बोलण्याच्या आवाजानं दादा जागा झाला होता.

वहिनी वळली ती दिराकडे नाही, नवऱ्याकडे.

‘तुम्हाला ठाऊक होतं?’

‘होतं.’

‘मी रोज तुम्हाला बोलत होते. तुम्ही ऐकून घेत होतात.’

दादा काठी चाचपत म्हणाला, ‘धाकटा आहे. खरं बोलून माझं हाड थोडंच जुळणार होतं? म्हटलं, झाकली मूठ आहे ती झाकलेलीच राहू दे.’

आपण कुठे उभ्या आहोत ते तिनं बघितलं, खांद्याशी आलेलं चाक बघितलं, आणि दोन पावलं बाजूला सरकली. तिचा आवाज चढलेला नव्हता.

‘तुमची मूठ झाकलेली राहिली, म्हणून मी या चाकासमोर येऊन उभी राहिले. तुम्ही दोघं भाऊ एकमेकांना सांभाळत बसलात. मला कोण सांभाळणार होतं?’

दादानं मान खाली घातली. इतके दिवस लोकांचं बोलणं ऐकताना त्यानं ती कधी घातली नव्हती. त्याचा मोठेपणा मलाही मोठाच वाटत आला होता. त्या दुपारी पहिल्यांदा कळलं, की त्यात आणखी एकीचा जीव टांगलेला होता.

मग तिनं धाकट्याला विचारलं, ‘हे तुम्ही आणखी कुणाकुणाला शिकवलंय?’

त्यानं तोंड उघडलं. दोघातिघांची घरं सांगितली. मग आणखी एक आठवलं. किती माणसं आली, वाकली, हसत गेली, त्याला आठवेना. मला तर वाटतं, तो खरा घाबरला तो तेव्हा, सगळं कबूल करताना नव्हे.

‘आठवतील तसे जा,’ ती म्हणाली. ‘आणि हे तुम्हीच सांगायचं.’

तेव्हापासून माझं काम बदललं. मोटारसायकलवर बसून आम्ही घरोघर हिंडतो. मागच्या खिशात मी, पुढच्या पिशवीत नवे स्विच. धाकटा दारात उभा राहतो, मला बाहेर काढतो, माझं टोक दाखवतो आणि सांगतो. दादा विसरला नव्हता, मी खोटं बोललो होतो, इथूनच सुरुवात करतो. सांगताना त्याचे कान अजून लाल होतात.

सगळीकडे सारखं स्वागत होत नाही. कुणी म्हणालं, तुझा हात थरथरला असेल, आमचा नाही थरथरत. कुणी चहा दिला आणि विषय बदलला. त्या ड्रायव्हरनं तर आम्हाला बघून दार लावून घेतलं. दुसऱ्या खेपेला मात्र तोच बाहेर आला, आपल्याला सगळं दिसलं होतं म्हणाला, आणि स्विच बसवेपर्यंत टॉर्च धरून उभा राहिला. एका म्हाताऱ्यानं आत जाऊन स्वतःचा स्क्रू ड्रायव्हर आणून दिला. त्याचंही टोक माझ्यासारखंच. आम्ही दोघं एका खिशात परत आलो.

एका घरी ट्रॅक्टरच नव्हता. विकला, म्हणाले. घेणाऱ्याला चालू कसा करायचा ते दाखवलं का, असं धाकट्यानं विचारलं. ‘दाखवलं ना,’ त्या घरातली आई कौतुकानं म्हणाली, ‘तुम्ही शिकवलं होतंत तसंच.’ तो ट्रॅक्टर कुठे गेला ते त्यांना सांगता येईना. परतीच्या वाटेवर धाकट्यानं गाडी मधेच उभी केली आणि रस्त्याच्या कडेला नुसता बसून राहिला.

घरचं म्हणाल तर वहिनी धाकट्याशी कामापुरतं बोलते. दादाला आता ती किल्ल्यांवरून विचारत नाही. एकदा गिऱ्हाइकासमोर म्हणाली, ‘यांची पद्धत बरोबर होती. ती मोडली आम्ही.’ ‘आम्ही’ का म्हणाली ते मला समजलं नाही, पण दादानं ते ऐकून घेतलं आणि लगेच, जरा कडक आवाजात, एका ट्रॅक्टरखाली आणखी एक घोडी लावायला सांगितली. तिनं लावली.

जे आठवले त्या सगळ्यांकडे आम्ही जाऊन आलो. आता उरलेत ते न आठवणारे. म्हणून मी हे तुमच्याशी बोलतोय. तुम्ही कदाचित त्यांतले असाल, किंवा त्यांच्याकडून कुणी शिकलं, त्याच्याकडून तुम्ही शिकला असाल. तुम्ही ट्रॅक्टरच्या कुशीत वाकला असाल, ठिणगी उडाली असेल, आणि कुणीतरी तुमच्या पाठीवर थाप मारली असेल. त्या थापेत माझा वाटा आहे, आणि तो मला परत घ्यायचाय. धाकट्याला तुमचा चेहरा आठवत नाही, तुमचं घर आम्हाला सापडत नाही. आम्ही शोधतोय. पण आम्ही दारात येऊन उभे राहू तोवर वाट बघू नका. त्या चाकासमोरून बाजूला व्हा.